वाचकांचे प्रश्न: नवा टर्बोही चार महिन्यांत का गेला?

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं जुन्या डिझेल गाड्यांच्या टर्बोबद्दल, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या भागाबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले. गेली २६ वर्षं मी टर्बो उघडतो, तपासतो आणि जोडतो. त्यामुळे ही उत्तरं माझ्या बाकावर जे बघायला मिळालं त्यावरून आहेत.

प्रश्न: माझी डिझेल गाडी बारा वर्षांची आहे, १,७०,००० किलोमीटर झालेत. टर्बो गेला म्हणून नवा बसवला. चार महिन्यांत तोही गेला. तीच शिट्टी, तोच निळा धूर. गॅरेजवाले म्हणतात, पार्टच खराब निघाला. खरंच असं असेल का?

उत्तर: असू शकतं, पण मी ते फार क्वचित पाहिलंय. नवा टर्बो इतक्या लवकर जातो तेव्हा पहिल्याचा जीव ज्यानं घेतला ते कारण बहुतेक वेळा गाडीत तसंच बसलेलं असतं. म्हणून आधी एक करा. काढलेला टर्बो परत देऊन टाकू नका, तुमच्यासमोर उघडायला सांगा.

माझ्या बाकाखाली पत्र्याचा एक डबा आहे. गेलेल्या टर्बोंचे शाफ्ट मी त्यात ठेवतो, नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायला. बोटाएवढा दांडा, एका टोकाला धुरानं फिरणारं टर्बाइनचं चाक. दांड्यावर बेअरिंग बसतात त्या दोन जागा आरशासारख्या लखलखीत हव्यात. डब्यातल्या एका शाफ्टवर त्या जागा निळ्या-जांभळ्या पडल्यात आणि बेअरिंगचा पिवळा धातू वितळून त्यांना चिकटलाय. त्याला तेल मिळालंच नाही, तो कोरडा फिरला. दुसरा नुसत्या डोळ्यांना बरा दिसतो, पण दांड्याच्या लांबीनं नख ओढलं की बारीक चरे अडकतात. त्याला तेल मिळालं, पण घाण मिळालं. तिसऱ्याबरोबर त्याचं हवेच्या बाजूचं अ‍ॅल्युमिनियमचं चाक ठेवलंय. पात्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्यात, म्हणजे हवेबरोबर काहीतरी आत आलं होतं. हे तिन्ही टर्बो ‘खराब पार्ट’ म्हणूनच माझ्याकडे आले होते.

टर्बो इतका नाजूक का, ते थोडं सांगतो. छोट्या डिझेल गाडीचा टर्बो पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. चाक ४५ मिलिमीटरचं धरलं तरी पात्यांची टोकं ध्वनीपेक्षा वेगानं पळत असतात. एका बाजूला सात-आठशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधला दांडा बहुतेक गाड्यांत केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगतो. तो थर दोन-चार सेकंद तुटला तरी बेअरिंगला इजा होते. इंजिनाच्या बाकीच्या भागांना मळकं तेल बराच काळ चालतं, टर्बोला नाही. म्हणून इंजिनाच्या तेलात काही बिघडलं की त्याची पहिली किंमत टर्बो मोजतो.

आता तुमच्या गाडीचं. हे तेल टर्बोला एका बारीक पाईपमधून मिळतं आणि तो पाईप टर्बोच्या तापलेल्या घराच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, अगदी शेजारून जातो. वर्षानुवर्षं त्यात तेल करपत राहतं आणि आतल्या बाजूला कोळशासारखा कडक थर चढतो. काही इंजिनांत पाईपच्या बोल्टमध्येच बारीक जाळी असते, तीही बुजते. बाहेरून पाईप चकाचक दिसतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काम शिकून नुकताच स्वतंत्र झालो होतो. प्रवासी गाडी चालवून घर चालवणाऱ्या एका माणसाचा टर्बो जोडून दिला, जुन्या पाईपमध्ये हवा मारली, पलीकडून फुस्स आवाज आला, तोच पाईप परत लावला. अकराव्या दिवशी त्यानं गाडी ओढून आणली. मी पाईप करवतीनं उभा चिरला. आत जेमतेम सुई जाईल एवढं भोक उरलं होतं. हवा त्यातून गेली, पण तेल पुरेसं गेलं नाही. दुसरा टर्बो मी माझ्या पदरचा घातला, पण त्या माणसाची बुडालेली रोजी मला भरून देता आली नाही. ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून जुना पाईप धुवून वापरणं माझ्याकडे बंद आहे. टर्बो बदलला की पाईप नवा आणि बोल्टही नवा.

तेव्हा गॅरेजमध्ये विचारा, पहिल्या वेळी तेलाचा पाईप बदलला होता का? ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलले होते का? चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, खाली उतरवून तेल ओढणारी जाळी पाहिली होती का? तेलाचा दाब गेज लावून मोजला होता का? नुसत्या दिव्यावर विसंबू नका, दाब फारच खाली गेल्याशिवाय तो पेटत नाही. आणि जुन्या टर्बोचं चाक तुटलं असेल, तर इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग, काढून धुतला होता का? तुटलेल्या पात्यांचे कण त्यात अडकून राहतात आणि पुढे सुटून इंजिनात जातात.

एक जागा हमखास पाहायची राहून जाते, ती म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो पातळ झाला की जळता वायू तिथून निसटतो, भोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि इंजिनातून चक-चक असा आवाज येऊ लागतो. काही इंजिनांत ही काजळी तेलात उतरते, तेलाचा चिकट गाळ होतो आणि सगळ्यात बारीक वाट आधी बुजते. ती वाट टर्बोची. तुमच्या इंजेक्टरभोवती असा काळा थर दिसला, तर तो बरा केल्याशिवाय तिसरा टर्बो बसवू नका.

बसवतानाही घाई नको. टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू होऊ न देता सेल्फ मारून तेल वर येऊ द्यायचं, मग चालू करून काही मिनिटं आयडलला ठेवायचं, रेस द्यायची नाही. आणि तेलाच्या जोडांवर सिलिकॉनचा लेप लावू देऊ नका. तो दाबून आत येतो, त्याचा तुकडा सुटतो आणि नेमका भोकात जाऊन बसतो. तिथे गास्केटच हवं.

प्रश्न: काका, माझ्या बाबांची जुनी डिझेल गाडी. परवा दारात उभी करून त्यांनी किल्ली बंद केली, तर इंजिन बंद व्हायच्या ऐवजी आपोआप रेस व्हायला लागलं. पांढरा-निळा धूर इतका की गाडी दिसेना. मिनिटभरानं मोठा आवाज होऊन थांबलं. बाबा अजून घाबरलेले आहेत. हे कशामुळे झालं? काय करायला हवं होतं?

उत्तर: बाबा सुखरूप आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यांचं काही चुकलेलं नाही हे त्यांना सांगा.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. तापलेल्या, दाबलेल्या हवेत इंधन गेलं की ते पेटतं. किल्ली बंद केली की फक्त डिझेल थांबतं. पण टर्बोचं बेअरिंग जाऊन इंजिनातलं तेल हवेच्या वाटेनं आत शिरू लागलं, तर इंजिन त्या तेलावर चालतं. जितकं जोरात चालेल तितका टर्बो जोरात फिरतो, तितकं जास्त तेल ओढलं जातं. तेल संपेपर्यंत किंवा काही तुटेपर्यंत ते थांबत नाही. टर्बो जाण्याच्या सगळ्या प्रकारांत मला भीती वाटते ती फक्त याची, म्हणून सविस्तर सांगतो.

गिअर हातानं टाकायची गाडी असेल आणि ती उभी असेल, तर ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिनाचा दम तुटून ते बंद पडतं. क्लचला त्रास होतो, होऊ द्या. हे पहिल्या काही सेकंदांतच करायचं. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय नाही. तिथे हवा तोडणं हाच मार्ग, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर सपाट फळी किंवा जाड पुठ्ठा घट्ट दाबणं, किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक त्या तोंडात मारणं. हात कधीही लावू नका, ओढ भयंकर असते. सैल फडकंही नको, ते आत खेचलं जातं. मात्र इंजिन आधीच किंचाळत असेल तर बॉनेट उघडायला जाऊच नका. गाडीतून उतरा, सगळ्यांना लांब न्या. इंजिनातला कनेक्टिंग रॉड तुटला तर इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी परत घेता येते, माणूस नाही.

आता ती गाडी सेल्फ मारून पाहू नका, ‘एकदा बघूया चालते का’ म्हणून तर मुळीच नाही. इंटरकूलरमध्ये अजून कपभर तेल साचलेलं असू शकतं. मोठा आवाज झाला म्हणता, तेव्हा आधी चेंबर उतरवून आत काय तुटलंय ते पाहायला सांगा. टर्बोचा हिशोब त्यानंतरचा.

असं होण्याआधी गाडी बहुतेक वेळा काही दिवस सांगत असते. ऑइल जास्त खाते, सकाळी पहिल्या सेल्फला निळा धूर येतो, उतारावरून पाय काढून येऊन पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग उठतो. यातलं काही दिसलं की गाडी चालवणं थांबवून दाखवून घ्या.

प्रश्न: इंटरकूलरच्या होजमध्ये तेल दिसलं म्हणून मिस्त्रींनी ‘टर्बोचं सील गेलं, टर्बो बदला’ सांगितलं. गाडीचा पिकअप चांगला आहे, धूर नाही, ऑइलची पातळीही फारशी उतरत नाही. बदलू का?

उत्तर: एवढ्यावरून नको. होजमध्ये तेलाचा पातळ ओलावा जवळजवळ प्रत्येक जुन्या डिझेल गाडीत असतो. इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदर नावाच्या वाटेनं टर्बोच्या आधीच्या नळीत सोडलेली असते, ती तिथे जमते. होज उपडा केल्यावर धार लागली तर गोष्ट वेगळी.

‘सील गेलं’ हा शब्द मी रोज ऐकतो. ऐकणाऱ्याला वाटतं की आत रबराचं काहीतरी फाटलंय. टर्बोत तसं रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते. बाहेरून हवेचा आणि धुराचा दाब असतो, त्यामुळे तेल आतच राहतं आणि नुसत्या आपल्या वजनानं खाली चेंबरमध्ये निथळतं. ते निथळणं अडलं की टर्बो अगदी नवा असला तरी तेल बाहेर टाकणार. परतीचा पाईप चेपला, ब्रीदर तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला, एअर फिल्टर इतका बुजला की टर्बो रिकामी ओढ घेऊ लागला, या तिन्हींत टर्बोचा काही दोष नसतो. एक साधी खूण सांगतो. इंजिन आयडलला ठेवून तेल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. ते जोरात नाचत असेल आणि आतून धूर फुसफुसत असेल, तर आधी ब्रीदर बघा.

मग टर्बो बघा, पण इंजिन बंद आणि पूर्ण गार असताना. एअर फिल्टरकडची नळी काढून चाकाच्या मधल्या नटाला दोन बोटांत धरा. आडवं-उभं हलवलं तर थोडा प्ले लागेलच, बंद इंजिनात तेलाचा थर नसतो म्हणून. याला घाबरून लोक चांगले टर्बो टाकून देतात. खरं बघायचं ते मागे-पुढे, दांड्याच्या लांबीत. तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही जागा नसते, त्यामुळे बोटाला खटका लागला तर थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दांड्याला मागे-पुढे सरकू न देणारं बेअरिंग, गेलं. आणि चाक बाजूला दाबून फिरवल्यावर ते घराला घासत असेल, किंवा भिंतीवर चमकता गोल ओरखडा असेल, तर टर्बो उतरवायचाच.

प्रश्न: गाडी चढावर अचानक दम सोडते, इंजिनचा दिवा लागतो. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा चालू केली की काही झालंच नाही अशी पळते. स्कॅनरवर कधी दाब कमी, कधी जास्त असे दोन्ही कोड येतात. टर्बो संपला का?

उत्तर: दोन्ही कोड येतात हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगी आहे. पी ०२९९ म्हणजे टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब कमी, पी ०२३४ म्हणजे तो जास्त. एकाच गाडीत दोन्ही येत असतील तर बहुधा टर्बोच्या व्हेन अडकताहेत. धुराच्या बाजूला चाकाभोवती हलत्या पात्यांची कडी असते. कमी रेसला ती वाट अरुंद करते, जास्त रेसला रुंद. त्यात काजळी बसली की कडी कधी या टोकाला अडकते, कधी त्या. दाब जमेना की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापून त्याला वाचवतो, आणि बंद-चालू केल्यावर पुन्हा संधी देतो.

पण टर्बोला हात लावण्याआधी व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या पाहा. जुन्या गाडीत त्या कडक होऊन चिरतात, आणि एका चिरलेल्या नळीपायी अख्खा टर्बो बदललेला मी पाहिलाय. मग व्हेनची कडी हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचा रॉड. हातपंपानं व्हॅक्यूम देऊन तो एकसारखा सरकतो का, मध्ये अडखळतो का ते बघायचं. इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर असेल तर स्कॅनरवरून हलवून बघतात. अडखळत असेल तर टर्बो उतरवून व्हेनची कडी साफ करता येते. बेअरिंग ठीक असतील तर तेवढ्यावर गाडी छान चालते. अट एकच. अ‍ॅक्च्युएटरचा स्टॉप स्क्रू कुणालाही अंदाजानं फिरवू देऊ नका. ती सेटिंग हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर केलेली असते.

काजळी इतकी का होते तेही बघा. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहिलाय का, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ भरलंय का? भरलेल्या डीपीएफमुळे धूर मागे दाबला जातो, टर्बो जास्त तापतो आणि दांड्यावर भलत्या दिशेनं जोर येतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं आहे. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण गरम करून अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळवा.

प्रश्न: गाडी बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवायची, हे खरं की जुन्या लोकांची सवय?

उत्तर: जोरात पळवून किंवा चढ चढून लगेच थांबला असाल तर खरं. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, पण टर्बाइनचा ताव मधल्या घरात उतरत राहतो आणि तिथलं तेल करपतं. अर्धा ते एक मिनिट पुरे. गावात हळू चालवत घरी आलात तर तेवढ्यात तो निवलेलाच असतो. सकाळचं मात्र लोक विसरतात. चालू केल्या केल्या रेस देऊ नका, वर तेल चढायला दोन-चार सेकंद लागतात.

प्रश्न: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ‘फुस्स’ आवाज येतो, काळा धूर येतो, पिकअप नाही. टर्बो का?

उत्तर: आधी होज बघा. टर्बो ते इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे. खालच्या बाजूची चीर वरून दिसत नाही, तेलकट ओघळ दिसतो, तिथे बोट दाबा. हवा गळते, डिझेल तेवढंच पडतं, म्हणून काळा धूर. तशीच चालवू नका, तुटलेला दाब भरून काढायला टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरत राहतो. आवाज फुस्स नसून सायरनसारखा चढत जाणारा असेल, तर मात्र चाक घासतंय.

प्रश्न: पूर्वीची बिनटर्बोची डिझेल इंजिनं कधी मरत नव्हती. माझ्या गाडीचा टर्बो काढून टाकून चालवता येईल का?

उत्तर: तुमची चिडचिड समजते, पण नाही. तुमचं इंजिन टर्बो धरूनच आखलंय. त्याचं कॉम्प्रेशन, त्याला पडणारं डिझेल, सगळं त्या जादा हवेच्या हिशोबानं आहे. टर्बो काढलात तर गाडी काळा धूर ओकेल आणि चढावर उभी राहील. कल्पना नवीनही नाही. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. विक्रीला आलेल्या कारमध्ये टर्बो डिझेल १९७८ च्या मर्सिडीज ३०० एसडीपासून दिसतं. चांगलं तेल मिळालं तर टर्बो इंजिनाइतकाच टिकतो. माझ्याकडे तीन लाख किलोमीटर झालेला टर्बो नुसता तपासायला आला होता. उघडून पुसला, मोजला, तसाच परत दिला. त्या बाईंच्या वहीत ऑइल बदलल्याची प्रत्येक तारीख होती, आणि पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच त्या बदलत होत्या. डीपीएफ असलेल्या गाडीत तेल कमी राखेचं, पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचंच घाला. आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. डीपीएफमधली काजळी जाळताना तेलात डिझेल उतरलेलं असतं, ते तेल त्याच आठवड्यात बदला.